उघड्या तोंडाचं चित्र

माझ्या नणंदेची चित्रं आवडणारी माणसं हल्ली उन्हाळ्यात बोटीने आमच्या बेटावर येतात. बुटांत वाळू भरून घेत माझ्या दारापर्यंत पोचतात आणि सगळी एकच प्रश्न विचारतात. थोरा ब्रिंकने तोंड झाकलेल्याच बायका का रंगवल्या? खरं तर उत्तर ते येतानाच बरोबर घेऊन आलेले असतात. कुणी म्हणतं, त्यात बाईच्या जातीचं मौन आहे. कुणी म्हणतं, त्यात मरण आहे. गेल्या वर्षी एका गृहस्थाने माझ्याच बाकावर बसून, माझीच कॉफी पिऊन, मलाच समजावलं की त्यात गूढ आहे.

गूढ कसलं डोंबलाचं! या गावातली एकही बाई तिला आपलं तोंड काढू देत नव्हती. एवढीच गोष्ट आहे.

पण एवढ्यावर माणसं उठत नाहीत. म्हणून आता एकदाच सगळं सांगून टाकते.

थोरा ही माझ्या नवऱ्याची, लौरिड्सची, थोरली बहीण. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ती कोपनहेगनला होती. लौरिड्स छाती पुढे काढून सांगायचा, "ताई चित्रकला शिकते." सासूबाई लोकांना सांगायच्या की ती एका चांगल्या घरी स्वयंपाकाला आहे. खरं दोघांच्या मधलं होतं. चित्रकलेच्या मोठ्या शाळेत तेव्हा बायकांना घेत नसत. थोरा एका बाईंच्या खासगी वर्गात शिकायची आणि पोटासाठी चिनीमातीच्या कारखान्यात बश्यांवर निळी फुलं काढायची. हजारो बश्या, सगळ्यांवर तेच फूल, त्याच जागी. पाकळी जरा इकडची तिकडे झाली की मुकादम बशी परत पाठवणार.

सासूबाई वारल्या तेव्हा ती घरी आली. बरोबर एक ट्रंक आणि टर्पेंटाइनचा वास. आली ती राहिलीच. उत्तरेच्या खोलीत मी मासे वाळत घालायचे. थोराला म्हणे उजेड उत्तरेचाच लागतो. झालं, मासे गेले माळ्यावर, आणि वर्षभर आमच्या अंथरुणांना माशांचा वास. एरवी मी तिला थोराच म्हणायचे. राग आला की वन्सं म्हणायचे, आणि अहो-जाहो करायचे. त्यावरून तिला कळायचं की आज जेवण थंड मिळणार.

"शहरात तोंडं नव्हती का, म्हणून इथे आलीस?" मी तिला एकदा विचारलं.

"होती की. पण सगळी दुसऱ्याला दाखवायला धुऊन पुसून आणलेली," ती म्हणाली. "आपल्या बायकांच्या तोंडावर वारा दिसतो."

तिची एक खोड होती. समोर माणूस बसल्याशिवाय तिचा हात चालत नसे. मी म्हणायचे, अगं, मनातून काढ ना. त्यावर ती म्हणायची, "मनात मला अजून फक्त बश्या दिसतात, गुंडेल." हे ती हसत म्हणायची, पण ते हसण्यासारखं नव्हतं. तिला या गावची जितीजागती तोंडं हवी होती. त्यांच्यासाठी ती सगळं सोडून आली होती. ती मिळाली तर ती चित्रकार, नाहीतर पुन्हा बश्या रंगवणारी.

सुरुवातीला मिळाली. समोरच्या घरातली सिसेल तर रोज येऊन बसायची. सिसेल पंचविशीतली, डावखुरी, आणि हसली की पलीकडच्या गल्लीत ऐकू जाणारी. तिचा नवरा सोनिक 'काथरीने' जहाजावर दुसरा अधिकारी होता. जहाज दूर ब्राझीलच्या बाजूला गेलेलं. घरात ती आणि पाळण्यातला नीस. विणकाम घेऊन यायची, नीसला माझ्या मांडीवर टाकायची, आणि थोरासमोर बसून गावभरच्या चहाड्या सांगायची. थोराने तिला बटाटे सोलताना काढलं, कॉफी ओतताना काढलं. दोघींचं गूळपीठ बघून मला कधी कधी हेवा वाटायचा. वाटायचा तर वाटायचा, खोटं कशाला बोलू?

आता सुतकाच्या रुमालाचं सांगते. आमच्याकडे मुलीच्या लग्नाच्या पेटीत आई स्वतःच्या हाताने सगळं भरते. वर लग्नाचं, मध्ये बाळंतपणाचं, आणि तळाला सुतकाचा रुमाल. काळ्या-निळ्या रंगाचा, घडी केलेला. तो बाहेर काढायचा नाही. ऊन दाखवायला सुद्धा नाही, कसर लागली तर लागू दे. वेळ आली की गावातली वडीलधारी विधवा येते, तो बाहेर काढते आणि आपल्या हाताने बांधते. भुवयांपर्यंत कपाळ झाकतं आणि गाठ मागे मानेवर येते. नवरा जिवंत असताना तो जिने डोक्याला लावला तिच्या नवऱ्याला समुद्र ठेवून घेतो, असं आमच्याकडे म्हणतात. समुद्र बायकांची तोंडं ओळखतो. कोण कुणाची, हे त्याला पाठ असतं.

त्या हिवाळ्यात थोराने ठरवलं, विधवेचं चित्र काढायचं. वसंतात राजधानीत भरणाऱ्या प्रदर्शनाला पाठवायचं. खऱ्या विधवा काही बसायच्या नाहीत. पहिलं वर्ष तर त्या चर्च आणि विहीर सोडून कुठे जात नाहीत. मग तिने मला विचारलं.

"तुझा भाऊ अंगणात मेंढ्यांना चारा घालतोय," मी म्हटलं. "एक पाय सोडला तर धडधाकट आहे. त्याला जिवंतपणी मारायचंय का?"

"राहू दे. नाहीतरी तुझं नाक चित्रात मावणार नाही," ती म्हणाली.

असं आमचं चालायचं. विषय संपला असं मी समजले. दुसऱ्या दिवशी बघते तर सिसेल आमच्या उत्तरेच्या खोलीत केस मोकळे करून बसलेली, आणि थोराच्या हातात सासूबाईंच्या पेटीतला रुमाल.

"सिसेल, खुळी आहेस का तू? नवरा पाण्यावर आहे तुझा!"

"फडकं आहे गं, गुंडेल. आणि माझं थोडंच आहे? तिच्या आईचं आहे," सिसेल म्हणाली. "तो पाण्यावर आहे म्हणून मी काय चुलीपाशी घुमी होऊन बसू? मी काही जन्मात कोपनहेगनला जायची नाही. माझं तोंड तरी जाऊ दे."

"थोरा, तू तरी सांग तिला."

"फडक्याने काय होतंय?" थोरा म्हणाली. तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती सिसेलच्या कपाळाकडे बघत होती.

आणि तिने रुमाल बांधला. लग्न न झालेल्या बाईने, सवाष्णीला, स्वतःच्या हाताने. मी दारात उभी होते. गाठ बसली तशी सिसेलच्या तोंडावरचं हसू आपोआप उतरलं, कुणी काही न बोलता. थोरा म्हणाली, "हलू नकोस. अशीच राहा." मी नीसला उचललं आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले.

चित्र मात्र असं झालं की काय सांगू! मी ते पाहिलं आणि मला माझी आई आठवली. आम्ही तिघींनी तोंडाला कुलूप लावायचं ठरवलं. चित्र गोणपाटात गुंडाळून बोटीने गेलं. प्रदर्शनात लागलं, चांगल्या जागी लागलं, आणि तिथल्या एका व्यापाऱ्याने विकत घेतलं. तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण एका सचित्र साप्ताहिकाने त्याचा ठसा छापला. ते साप्ताहिक पाद्र्यांच्या घरी यायचं आणि तिथून हातोहात गावभर फिरायचं. पानभर सिसेलचं तोंड, रुमाल कपाळावर, आणि खाली अक्षरं, 'खलाशाची विधवा'.

डॉर्थे मावशी ते पान घेऊन आमच्याकडे आली. गावातल्या निम्म्या विधवांना रुमाल तिनेच बांधलेले.

"हे तू बांधलंस?"

"हो, मावशी."

"कुणी सांगितलं होतं?"

"चित्र आहे, मावशी ते."

"चित्र आहे ते दिसतंय मला. डोळे शाबूत आहेत माझे," मावशी म्हणाली. "त्याचेही आहेत." आणि तिने हाताने समुद्राची दिशा दाखवली.

उन्हाळा गेला. 'काथरीने'ची काही खबर आली नाही. आधी उशीर म्हणाले, मग वादळ म्हणाले, मग काहीच म्हणेनात. सिसेल रोज वाळूच्या टेकडीवर जाऊन उभी राहायची. आमच्याकडे येणं तिने हळूहळू कमी केलं. पुढचा हिवाळा उलटला तेव्हा जहाजाच्या मालकांनी आशा सोडली. आमच्या गावचे त्यावर दोघेच होते, सोनिक आणि ईवर नावाचा एक बिनलग्नाचा खलाशी. पाद्र्यांनी रविवारी दोघांची नावं वाचली. चर्चच्या छताला टांगलेली, खलाशांनी नवसाची म्हणून दिलेली लहान लहान जहाजं वर हलत होती आणि खाली कुणी मान वर करत नव्हतं.

दुपारी सगळ्या बायका सिसेलकडे जमल्या. मयताच्या घरी आमच्याकडे करतात तशी खिडकी उघडी टाकलेली, जमिनीवर ताजी पांढरी वाळू पसरलेली. थोराही आली. राय धान्याचा काळा पाव घेऊन दाराशीच उभी राहिली. डॉर्थे मावशीने सिसेलची पेटी उपसून तळाचा रुमाल काढला आणि तिच्या मागे जाऊन उभी राहिली. सिसेलने तिचा हात बाजूला केला.

"तुम्ही नका, मावशी. थोराला बोलवा ना. तिला माझ्या डोक्याचं माप ठाऊक आहे."

नीस वाळूत बोटं घालून खेळत होता. मावशीनेच रुमाल बांधला. थोराने पाव बाकावर ठेवला आणि ती घरी निघून गेली.

मी संध्याकाळी घरी आले तर ती उत्तरेच्या खोलीत कुंचले धूत बसलेली. धुतलेलेच पुन्हा धूत होती.

"फडक्याने माणूस बुडत नाही, गुंडेल."

"मला माहीत आहे."

"तुला माहीत नाही. तू नुसतं म्हणतेस."

खरं होतं ते. मी नुसतंच म्हणत होते.

त्यानंतर तिच्यासमोर कुणी बसलं नाही. भांडण नाही, शिवीगाळ नाही. आमच्या गावात माणसं ओरडत नाहीत, दार लावून घेतात. ती रस्त्याने निघाली की आया पोरांच्या तोंडावर एप्रन ओढायच्या. पोरांना त्याचा खेळच झाला, ती दिसली की खी खी करत तोंड झाकायचं. शेवटी ती माझ्याकडे आली. म्हणाली, "नाक मावेल असं मोठं कापड घेते. बस." मी काही बोलायच्या आत लौरिड्स कोपऱ्यातून म्हणाला, "गुंडेलचं नको, ताई. मी भरतीला जाळं टाकायला जातो." सख्खा भाऊ तिचा! ती त्याच्याकडे बघत राहिली, मग मान हलवून आत गेली. मला तिची कीव आली, आणि खरं सांगते, सुटल्यासारखंही वाटलं.

पुढचा सगळा हिवाळा तिने रिकामी खुर्ची काढली, शेगडी काढली, माझे माळ्यावरचे मासे काढले. मी म्हटलं, जा बाई परत शहरात, तिथे कुणीही बसेल तुझ्यासमोर. तर म्हणाली, "तिथली तोंडं मला वाचता येत नाहीत. आणि आता गेले तर ही माणसं म्हणतील, पळाली." आमच्याकडच्या माणसांना एकवेळ भूक सोसते, हे सोसत नाही.

मग गवत कापायचे दिवस आले. त्या कामाला आमच्या बायका कापडी मुखवटा बांधतात. काळं कापड, डोळ्यांपुरती फट, बाकी सगळं तोंड आणि मान झाकलेली. उन्हाने रापू नये आणि उडती वाळू तोंडात जाऊ नये म्हणून. आजीच्या आजीपासून चालत आलेलं. त्यात ना मौन, ना मरण. थोरा टेकडीवर बसली आणि लांबून त्यांना काढायला लागली. बायका कुजबुजल्या, एकीने तर दंताळं टाकलं. डॉर्थे मावशी गवताच्या गंजीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "काढू दे तिला. तोंड झाकलंय ना? मग समुद्राला काय कळणार कोण कुणाची ते."

हा झाला निवाडा. त्यावरच थोराचं उरलेलं आयुष्य चाललं. मुखवट्यातल्या बायका गवत ओढताना, मुखवट्यातल्या बायका मेंढ्या हाकताना, मुखवट्यातल्या बायका जेवणाची पाटी घेऊन वाऱ्यात उभ्या. राजधानीतल्या लोकांना ती चित्रं अशी आवडली की विचारू नका. एक पदकही मिळालं. मी ते पुसून ठेवते. तिने ते कधी हातात घेतलं नाही. एकदा म्हणाली, "मी पुन्हा बश्याच रंगवतेय, गुंडेल. फक्त निळ्याच्या जागी काळ्या."

त्या चित्रांत नीट बघाल तर एक बाई नेहमी पाठमोरी असते, आणि दंताळं डाव्या हाताने धरते. ती सिसेल. थोरा टेकडीवर बसली आहे हे तिला ठाऊक असायचं. ती शेत सोडून गेली नाही, पण तिच्याकडे वळलीही नाही. इतकी वर्षं एका रस्त्याच्या दोन बाजूंना राहून दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत. उत्तरेच्या खोलीत मात्र एक ताणून तयार केलेलं कोरं कापड भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं होतं. एका चेहऱ्याएवढं. ते कुणासाठी हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी त्याच्यावरची धूळ झटकायचे.

नीस मोठा झाला. बापासारखे खांदे, आईसारखं हसू. आणि आमच्याकडची पोरं जातात तसा पंधरा-सोळाव्या वर्षी तोही समुद्रावर गेला. सिसेलने अडवलं नाही. अडवून इथे कोण थांबतं?

तो गेला त्याच उन्हाळ्यात ईवर परत आला. होय, तोच, ज्याचं नाव पाद्र्यांनी वाचलं होतं. पिवळा, केस गेलेला, बोटीतून उतरला तर ओळखायला कुणी नाही. आई त्याची केव्हाच गेली होती. तो सरळ सिसेलच्या दारात गेला. मी समोरून बघत होते. दार लागलं ते दुपारपर्यंत उघडलं नाही.

त्याने सांगितलं ते असं. ब्राझीलमधल्या सांतोसच्या बंदरात जहाजावर ताप आला. सोनिक आणि तो, दोघांना इस्पितळात शेजारी शेजारी टाकलं. आमच्याकडे हिवाळा तोंडावर आला असेल तेव्हाच सोनिक गेला. ईवर पडूनच होता, जहाज त्याला तिथेच टाकून पार दक्षिणेच्या टोकाला, हॉर्नच्या भूशिराकडे निघालं. कप्तान म्हणाला होता, पुढच्या बंदरातून घरच्यांना कळवतो. पुढचं बंदर आलंच नाही. ईवर उठला तो दुसऱ्या देशाच्या जहाजावर चढला आणि वाहवत गेला. त्याला वाटलं, गावाला कळलंच असेल.

म्हणजे थोराने इथे रुमाल बांधला तेव्हा सोनिक कधीचाच तिकडच्या मातीत होता.

दोन दिवसांनी सिसेल आमच्या घरी आली. सरळ शेतातून, मुखवटा तोंडावर, घागऱ्याला गवत चिकटलेलं. मी चुलीपाशी होते. ती माझ्यासमोरून उत्तरेच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"थोरा."

थोराच्या हातातला कुंचला खाली पडला.

"ईवर आलाय."

"ऐकलं मी."

"सोनिक आधीच गेला होता. मी तुझ्यासमोर बसले तेव्हा मी विधवाच होते गं. मला माहीत नव्हतं, एवढंच." सिसेलचा आवाज कापडाआडून घोगरा येत होता. "इतकी वर्षं मी तुला शिव्या दिल्या. रोज, जेवणाच्या प्रार्थनेबरोबर."

"मला पोचायच्या," थोरा म्हणाली.

आणि सिसेल हसली. तेच ते गल्लीपलीकडे जाणारं हसू, जरा गंजलेलं. तिने हात मागे नेऊन मुखवट्याची गाठ सोडली. कपाळ पांढरं स्वच्छ, मुखवट्याने आपलं काम चोख केलं होतं. पण डोळ्यांखाली आणि ओठांच्या कोपऱ्यांत जे व्हायचं ते कापडाआडही झालंच होतं.

"काढ मला. रोजच्या कपड्यात," ती म्हणाली. "त्या व्यापाऱ्याच्या भिंतीवर मी कायमची रडकी लटकतेय. दुसरं एक असू दे बाई."

थोराने ते भिंतीकडे वळवलेलं कापड उचललं. माझे डोळे भरून आले. मी कॉफी ठेवली, चांगले कप काढले, आणि मनात म्हटलं, सुटलो एकदाचे सगळे.

आत कापडावर कोळशाचा आवाज सुरू झाला. मला तो आवाज पाठ आहे, आधी लांब रेघा, मग जवळ जवळ. मी कप घेऊन दाराशी आले. सिसेल खिडकीशी बसली होती, तोंडावर उजेड. थोरा तिच्याकडे बघत होती, जेवायला बसलेल्या उपाशी माणसासारखी. मग तिने सहज विचारलं, "नीस कुठे असेल आता?"

"असेल स्पेनच्या आसपास. खारे मासे घेऊन गेलेत."

कोळसा थांबला. थोराने सिसेलकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

"बांध ते परत," ती म्हणाली.

"काय?"

"मुखवटा. बांध, सिसेल."

सिसेलला आधी थट्टाच वाटली. "अगं, सोनिक आधीच गेला होता, सांगितलं ना मी?"

"ऐकलं."

"मग?"

"नीस घरी आला की ये. तो इथे जमिनीवर असला की काढीन मी. वाटेल तेवढी काढीन."

सिसेलचं हसू ओठांवरच राहिलं, पण त्यात काही उरलं नाही. ती सावकाश म्हणाली, "म्हणजे तुलाही वाटतं."

थोराने कोळसा खाली ठेवला.

"तू म्हणालीस, फडक्याने काय होतंय, म्हणून मी बसले होते. गुंडेल ओरडत होती तरी बसले. तुला ठाऊक होतं तर मग मला का बसवलंस?"

"तेव्हा नव्हतं वाटत मला. शपथ."

"आणि आता?"

"आता मी इतकी वर्षं तुमच्यात राहिलेय," थोरा म्हणाली.

सिसेल उठली. मुखवटा बांधायला गेली, पण गाठ बसेना. मी कप खाली ठेवून पुढे झाले, तर तिने नको म्हणून मान हलवली. थोरा जागची हलली नाही. तशीच सैल गाठ मारून, एका हाताने कापड तोंडाशी धरून सिसेल रस्ता ओलांडून गेली.

मी थोरावर तुटून पडले. "वन्सं, अक्कल गहाण टाकलीत का? आपल्या पायाने आली होती ती! सगळं झालं गेलं विसरून आली होती!"

"तिला एकच राहिलाय, गुंडेल."

"एका चित्राने काय होणार आहे त्याला?"

"काही होणार नाही, मला कळतं ते," थोरा म्हणाली. "हाताला कळत नाही."

पानं गळायच्या दिवसांत नीस परत आला. वीतभर उंच झालेला, आईसाठी स्पेनची संत्री आणि एक लाल रुमाल घेऊन. गावभर त्याचं हसू ऐकू येत होतं. मी दुसऱ्याच दिवशी सिसेलला विहिरीवर गाठलं. म्हटलं, पोरगा जमिनीवर आहे, आता जा तिच्याकडे. कापड तसंच ठेवलंय तिने.

सिसेलने बादली खाली ठेवली.

"तो आला ना, म्हणूनच जाणार नाही."

"हे गं काय आता?"

"तिने माझं तोंड काढलं नाही, आणि तो आला. तेव्हा काढलं, आणि..." ती थांबली. "माहीत आहे मला, सोनिक आधीच गेला होता. ईवर शपथेवर सांगतो. पण तूच सांग, गुंडेल, मी आता काय समजायचं?"

तिची बादली जड होती, ती मी तिच्या दारापर्यंत नेऊन दिली.

घरी आले तर थोरा खिडकीत उभी. "नीस आला?"

"आला."

"बरं झालं नाही काढलं," ती म्हणाली, आणि ते कापड पुन्हा भिंतीकडे वळवून ठेवलं. पुढे मरेपर्यंत तिने मुखवटेच काढले. सिसेल पाठमोरीच राहिली, आणि आता दोघी एकाच वाळूत आहेत.

ते कापड माझ्याकडे आहे. त्यावर एक कान आहे आणि गालाची अर्धी रेघ. पाहुण्यांना मी ते दाखवत नाही. दाखवलं तर त्यातही ते काहीतरी गूढ काढतील, आणि मला तेवढं ऐकवणार नाही.